नाही म्हणायची मुभा

अकोल्याहून पातूरचा घाट ओलांडून वाशिमकडे निघाले की मालेगावच्या अलीकडे मेडशी लागते. रस्त्यालगतच्या भिंतींवर सिमेंट, बियाणे आणि तणनाशके यांच्या जाहिराती रंगवलेल्या आहेत. थांब्याजवळ वाढदिवसाचे फ्लेक्स आहेत. तळाशी ‘शुभेच्छुक’ म्हणून वीस-पंचवीस चेहरे, ज्याचा मान मोठा त्याचा फोटो मोठा. या गावात मी वाढलो, नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकलो, मुंबईत जाहिरात संस्थांच्या स्टुडिओत बरीच वर्षे काढली आणि आता परत इथे राहतो. त्यामुळे भिंतीवरचे पिवळे-निळे अक्षर पाहिले की मला त्यामागची माणसे दिसतात. मुंबईच्या बैठकीत कोणीतरी घोषवाक्य मंजूर केलेले असते, स्टुडिओत कोणीतरी रात्री जागून आर्टवर्क केलेले असते, मग कंत्राटदार, त्याचा पोटकंत्राटदार, आणि शेवटी चौरस फुटाच्या दराने शिडीवर चढणारा रंगारी. ‘या भिंतीवर हे अक्षर बसत नाही’ असे रंगाऱ्याने म्हटले तर ते कोणापर्यंत पोहोचते? मी स्टुडिओत होतो तेवढ्या वर्षांत तरी असा निरोप माझ्या टेबलापर्यंत कधी आला नाही.

जाहिरात व्यवसायातल्या नेतृत्वाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले बहुतेक लिखाण एकाच प्रश्नाभोवती फिरते: कल्पना कोणाला सुचली? तो प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण त्याने कचेरी कळत नाही. कचेरी कळायची असेल तर विचारावे लागते की ‘हे जमणार नाही’, ‘हे चूक आहे’, ‘मी आज घरी जातो’ ही वाक्ये तिथे कोणाला उच्चारता येत होती. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ही मुभा कोणाकडे होती, ती कशी पसरली आणि कुठे अडली, हे मला इथे पाहायचे आहे.

1905 मध्ये गिरगावात सुरू झालेली बी. दत्ताराम ही देशातल्या सर्वांत जुन्या जाहिरात संस्थांत गणली जाते. पण व्यवसायाची घडी बसवली ती परदेशी संस्थांनी. जे. वॉल्टर थॉम्पसन ही अमेरिकी संस्था 1929 मध्ये जनरल मोटर्सच्या मोटारींमागोमाग मुंबईत आली. 1939 मध्ये लीव्हर कंपनीची घरची जाहिरात शाखा म्हणून लिंटास उभी राहिली. डी. जे. कीमर ही ब्रिटिश संस्था होती. आजच्या ओगिल्वीची भारतातली मुळे तिच्यातच आहेत. वर साहेब, त्याखाली ग्राहकाशी इंग्रजीत बोलणारा अकाउंट एक्झिक्युटिव्ह, मग इंग्रजीत लिहिणारा कॉपीरायटर आणि त्याखाली चित्रकार अशी उतरंड ठरून गेली. सत्यजित राय 1943 मध्ये कीमरच्या कलकत्त्याच्या कचेरीत महिना 80 रुपयांवर ज्युनियर व्हिज्युअलायझर म्हणून लागले. एकाच कामाला गोऱ्या माणसाला जास्त पगार आणि देशी माणसाला कमी, ही गोष्ट तिथे सगळ्यांना दिसत होती आणि सलतही होती. राय यांनी ‘पथेर पांचाली’चे चित्रीकरण ही नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवसांत केले.

साहेब गेले, उतरंड राहिली. गोऱ्या-काळ्याची जागा भाषेने घेतली. जे. जे. कलाशाळेत 1935 मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला होता. तिथून गिरगाव-दादरची, कोकणातली, घाटावरची मुले स्टुडिओत येत राहिली. लेटरिंग करणारे, व्हिज्युअलायझर, फिनिशिंग आर्टिस्ट, ब्रोमाइड कापून पेस्ट-अप करणारे अशा कामांत मराठी नावे भरपूर असत. हात त्यांचा, पण ग्राहकाच्या बैठकीला ते नसत. इंग्रजी जाहिरात पूर्ण झाली की ती भाषा विभागाकडे जाई आणि सकाळपर्यंत मराठी, गुजराती, तमिळ करून परत येई. मराठी अनुवादकाला ब्रीफ, म्हणजे कोणाला काय सांगायचे याची माहिती, मिळत नसे, फक्त मजकूर मिळे. ‘हे मराठीत असे म्हणत नाहीत’ एवढे सांगण्याचा अधिकारही त्याला जपूनच वापरावा लागे, कारण चित्र आधीच ठरलेले, जागा आधीच ठरलेली.

या स्टुडिओंतून वर आलेली दोन मराठी माणसे मला इथे आठवतात. अरुण कोलटकर हे कवी म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहेत, पण पोटापाण्याच्या धंद्यात ते मुंबईतल्या अव्वल कलादिग्दर्शकांपैकी होते. कम्युनिकेशन आर्ट्स गिल्डचा, म्हणजे व्यवसायात ज्याला कॅग म्हणतात त्या संस्थेचा पुरस्कार त्यांना सहा वेळा मिळाला आणि तिच्या मानाच्या यादीत त्यांचे नाव गेले. दुसरे र. कृ. जोशी. उल्का या संस्थेत त्यांनी अनेक वर्षे कलाविभाग सांभाळला, पुढे आयआयटी मुंबईत अक्षरकला शिकवली आणि संगणकावरचा ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडवला. 2008 मध्ये ते गेले. मेडशीच्या ग्रामपंचायतीचे पत्र असो की वाशिमच्या कचेरीचे परिपत्रक, कितीतरी वर्षे ते याच टंकात छापले गेले आहे. स्टुडिओतल्या माणसाला अक्षराबद्दल शेवटचा शब्द उच्चारू दिला की त्याचे काम किती लांब पोहोचते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण माझ्याजवळ नाही.

साठ आणि सत्तरच्या दशकांत देशी संस्था उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासोबत ‘एजन्सीचा राजा’ नावाची व्यक्ती आली. बाळ मुंडकुरांनी 1961 मध्ये उल्का काढली. कर्सी कात्रक या पारशी कवीने 1965 मध्ये एमसीएम काढली; कोलटकर तिथेही होते. ती संस्था झपाट्याने वाढली आणि जेमतेम दशकभरात कोसळली. 1973 मध्ये अरुण नंदा, अजित बालकृष्णन आणि मोहम्मद खान यांनी रिडिफ्युजन सुरू केली. लिंटासमध्ये ॲलेक पदमसी होते. लिरिलची धबधब्याखालची मुलगी, सर्फच्या ललिताजी, ‘हमारा बजाज’ ही सगळी त्यांच्या काळातली कामे. संस्थेत त्यांना ‘गॉड’ म्हणत.

या काळाबद्दल दोन्ही गोष्टी खऱ्या मानाव्या लागतील. या माणसांनी स्वतःच्या जिवावर पोरे घडवली. शिकवण्यासाठी त्यांच्याकडे वेळ होता, पैसा होता, आणि आपल्या टेबलाशी बसवून वाक्य सात वेळा लिहून घेण्याचा धीर होता. आजही साठीच्या पुढचे कॉपीरायटर आपल्या गुरूचे नाव गायकाने घराण्याचे घ्यावे तसे घेतात. पण संपूर्ण संस्थेचे हवामान एका माणसाच्या लहरीवर ठरे. तो उदार असला तर कचेरी उदार. त्याने सर्वांसमोर कागद फाडला तर त्याच्या हाताखालचेही कागद फाडायला शिकत. तक्रार करायची तर त्याच्याकडेच, आणि तक्रार त्याच्याबद्दलच असेल तर कोणाकडेच नाही. एमसीएमचे झपाट्याने चढणे आणि कोसळणे मला याच रचनेचा भाग वाटते: वरच्या माणसाला थांबवणारा आवाज संस्थेत कुठे बांधलेलाच नव्हता.

दरम्यान भाषेची बाजू बदलत होती. नोव्हेंबर 1967 मध्ये विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. म्हणजे विदर्भातल्या घरांत जाहिरात कानाने शिरू लागली. 1976 पासून दूरदर्शनने जाहिराती घ्यायला सुरुवात केली. वाचता न येणारे घरही आता ग्राहक होते, त्यामुळे इंग्रजीत विचार करून भाषांतर करण्याची पद्धत हळूहळू तोकडी पडू लागली. या बदलाचा चेहरा म्हणजे पीयूष पांडे. जयपूरचा, राजस्थानसाठी रणजी खेळलेला हा माणूस 1982 मध्ये ओगिल्वीत आला तो ग्राहकसेवेच्या विभागात, लेखक म्हणून नव्हे. फेविकॉल, कॅडबरी, एशियन पेंट्स, पोलिओचे दोन थेंब या कामांतून त्यांनी सुतार, आजी, गावचा ट्रक आणि सायकलवाला यांची बोली मुख्य मजकुरात आणली. 24 ऑक्टोबर 2025 रोजी ते मुंबईत वारले तेव्हा आम्हा छोट्या गावांतून आलेल्यांना जे वाटले ते एका वाक्यात मावत नाही. आमच्यासारख्यांचे हिंदी, आमचे मराठी बैठकीत हसण्यावारी जाईनासे झाले, ते त्यांच्यामुळे.

तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. जाहिरातीतली भाषा बदलली म्हणून कचेरीतली रात्र बदलली नाही. बोली वर आली. ती लिहिणारा पोरगा पहाटे तीनला रिक्षा शोधत होताच.

ही रात्र कुठून आली, यावर ‘सर्जनशील माणसे अशीच असतात’ हे उत्तर मी अनेकदा ऐकले. मला ते पटत नाही. रात्रीचे कारण बहुतांशी हिशोबात आहे, आणि तो हिशोब समजून घेतल्याशिवाय नेतृत्वावरची कुठलीही चर्चा पोकळ राहते.

जुन्या व्यवस्थेत जाहिरात संस्थेला वर्तमानपत्राकडून, पुढे दूरदर्शनकडून, जागेच्या किमतीवर 15 टक्के कमिशन मिळे. ग्राहकाने मोठी मोहीम काढली की कमिशन आपोआप वाढे. त्यातून प्रशिक्षणार्थी पोसले जात, स्टुडिओत दोन माणसे जास्त ठेवता येत, भाषा विभाग चाले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात माध्यम खरेदीचे काम वेगळ्या कंपन्यांकडे गेले. माइंडशेअरसारख्या संस्था उभ्या राहिल्या आणि जागा विकत घेण्याचा धंदा कल्पनांच्या धंद्यापासून तुटला. कमिशन तिकडे गेले. कल्पना करणाऱ्या संस्थांना आता ग्राहक महिन्याची ठरावीक फी, म्हणजे रिटेनर, देऊ लागला, आणि ती फी माणसे मोजून ठरे: या खात्यावर इतके लोक, इतके तास. ग्राहकाचा खरेदी विभाग दरवर्षी ती घासून कमी करी. खाते टिकवण्यासाठी संस्था कमी माणसांत जास्त काम कबूल करी. नवे खाते मिळवण्याचे पिच तर बहुधा फुकटच, आणि ते रोजचे काम आटोपल्यावर, म्हणजे रात्री.

मग डिजिटल आले. पूर्वी वर्षाला चार मोहिमा असत. आता रोज पोस्ट, सामना संपला की पोस्ट, निकाल लागला की पोस्ट. फिक्की आणि ईवाय यांच्या अहवालानुसार 2024 मध्ये डिजिटल माध्यमाने दूरचित्रवाणीला मागे टाकून उत्पन्नात पहिला क्रमांक घेतला. काम वाढले, पण एकेका तुकड्याची किंमत उतरली. पंचविशीतली मुले-मुली एका वेळी पाच-सहा ब्रँड सांभाळतात, ग्राहकाच्या व्हॉट्सॲप गटात त्यांना थेट घातलेले असते, आणि त्या गटाला रात्र नसते. मधला ग्राहकसेवेचा माणूस पूर्वी ढालीसारखा उभा राही. ती ढाल गटाने काढून घेतली. एवढा एक बदल मला गेल्या पंधरा वर्षांतला सर्वांत नुकसानकारक वाटतो.

महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना अधिनियम 2017 सालचा. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा त्याने घातली. मुंबईच्या कितीतरी संस्थांत ही मर्यादा आठवडा संपण्याच्या कितीतरी आधीच ओलांडली जाई आणि हजेरीपटावर ती कुठे दिसत नसे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा 10 तासांवर नेण्याला आणि कायदा 20 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरता ठेवण्याला मंजुरी दिली. जाहिरात क्षेत्रातल्या छोट्या डिजिटल संस्था आणि फ्रीलान्सरवर चालणारे स्टुडिओ यांचा मोठा भाग या आकड्याखाली राहतो. मला ही दिशा काळजीची वाटते.

जपानचे उदाहरण इथे टाळता येत नाही. देंत्सु ही जगातल्या मोठ्या जाहिरात कंपन्यांपैकी एक, भारतातही तिचा मोठा पसारा आहे. तिच्या कर्मचाऱ्यांच्या डायरीत 1951 साली त्या वेळच्या अध्यक्षांनी लिहिलेले दहा नियम छापलेले असत. हाती घेतलेले काम जीव गेला तरी सोडू नये, अशा अर्थाचा एक नियम त्यांत होता. डिसेंबर 2015 मध्ये तिथल्या 24 वर्षांच्या तरुणीने आत्महत्या केली, आणि तो मृत्यू अतिश्रमामुळे झाल्याचे सरकारने मान्य केले. त्यानंतर रात्री दहाला कचेरीचे दिवे बंद करण्याचा नियम आला, दहा नियम डायरीतून गेले, अध्यक्षांनी पद सोडले आणि 2017 मध्ये न्यायालयाने कंपनीला 5 लाख येन दंड केला. एवढ्या मोठ्या कंपनीला ही रक्कम काहीच नव्हे. पण त्या मुलीची आई उभी राहिली म्हणून साठ-पासष्ट वर्षांचे नियम छापखान्यातून निघाले, हे मी विसरत नाही.

माझ्या आयुष्यातली एक रात्र सांगतो. वडिलांना अकोल्याला दवाखान्यात हलवल्याचा फोन संध्याकाळी आला. दुसऱ्या दिवशी पिच होते. मी वरिष्ठांना सांगायला गेलो तेव्हा ते म्हणाले, “उद्याचं होऊन जाऊ दे, परवा जा.” मी थांबलो. परवा पोहोचलो तेव्हा वडील बोलण्याच्या पलीकडे गेले होते. ते वरिष्ठ वाईट माणूस नव्हते. ते स्वतः त्या आठवड्यात कचेरीतच झोपत होते, आणि त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना हेच शिकवले होते. मी ‘नाही, मी निघतो’ म्हणालो असतो तर नोकरी गेली असती असेही नाही. असे म्हणता येते, हेच मला माहीत नव्हते. पुढे काही वर्षांनी माझ्या हाताखालच्या एका मुलीला मी असेच थांबवले आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर मला माझा आवाज ऐकू आला. मी तिला त्याच रात्री गाडी करून दिली. नेतृत्व असे एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि मोडायचे तर ते कुठल्या तरी एका टेबलाशी मोडावे लागते.

मुभेचा सगळ्यात कठीण भाग स्त्रियांच्या वाट्याला आला. या व्यवसायात स्त्रिया लवकर आल्या आणि कर्तृत्वाने वर गेल्या, हे खरे. तारा सिन्हा क्लॅरियन या जाहिरात संस्थेच्या संस्थापकांत होत्या आणि पुढे त्यांनी स्वतःच्या नावाची संस्था काढली. नर्गिस वाडियांनी मुंबईत इंटरपब ही संस्था चालवली. ओगिल्वीत रोडा मेहतांनी माध्यम नियोजनाला शास्त्राची शिस्त दिली. कुठल्या गावात कोण काय वाचतो-ऐकतो हे आकड्यांनी मांडायला एक पिढी त्यांच्याकडून शिकली. पण कल्पनांच्या खोलीत, विशेषतः वरच्या खुर्च्यांवर, पुरुषांची मैफल होती. रात्रीची बैठक, नंतरचे पेय, तिथेच ठरणारी कामे, आणि त्या मैफलीत नसलेल्या बाईच्या हाती उरलेले काम.

या मैफलीतून काय निघते ते मार्च 2013 मध्ये जगाने पाहिले. फोर्ड फिगो या गाडीच्या डिकीत बांधलेल्या स्त्रिया दाखवणारी चित्रे जे. वॉल्टर थॉम्पसनच्या भारतातल्या कचेरीतून बाहेर आली. ती मोहीम प्रत्यक्षात छापलीच गेली नव्हती, तरी जालावर चढली. दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या अत्याचाराला तीन-चार महिने झाले होते, संसदेत नवा कायदा होत होता. कंपन्यांनी माफी मागितली, वरिष्ठांना जावे लागले. मला नेहमी वाटते की ते चित्र संगणकावर जुळवताना स्टुडिओत कोणाला तरी मळमळले असेल. त्या माणसाने किंवा बाईने काही म्हटले असेल का? म्हटले असेल तर ते कोणी ऐकले?

त्याच वर्षी कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला आणि 9 डिसेंबर 2013 पासून लागू झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती, तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्री सदस्य, एक सदस्य बाहेरचा, नव्वद दिवसांत चौकशी. कित्येक जाहिरात संस्थांत ही समिती कागदावर होती आणि तिचे सदस्य कोण हे शिपायालाच काय, कॉपीरायटरलाही ठाऊक नसे. ऑक्टोबर 2018 मध्ये मी-टूची लाट आली तेव्हा या व्यवसायातल्या मोठ्या नावांवर एकामागून एक आरोप झाले. काहींना संस्थांनी दूर केले, काहींनी पदे सोडली, काहींनी आरोप नाकारले. समित्या जाग्या झाल्या, भिंतींवर सदस्यांची नावे लागली. पूर्वी बायका एकमेकींना कानात सांगत, ‘त्यांच्यासोबत एकटी बाहेरगावी शूटिंगला जाऊ नकोस.’ कुजबुजीच्या जागी अर्ज आला, ही या शतकातली खरी पायरी.

आणि या कायद्याचा उगम एखाद्या उंच इमारतीतला नाही. राजस्थानातल्या भटेरी गावात भंवरी देवी सरकारच्या ‘साथिन’ म्हणून काम करत होत्या, बालविवाह थांबवत होत्या. 1992 मध्ये त्यांच्यावर अत्याचार झाला. त्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या प्रकरणात 1997 ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे आली आणि त्यांतून 2013 चा कायदा. वरळीतल्या, गोरेगावातल्या काचेच्या कचेऱ्यांना संरक्षण मिळाले ते मेडशीसारख्या एका गावातल्या बाईमुळे.

ते संरक्षण गावाकडे परत आले का? दहापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तेव्हा, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे, अशी तरतूद कायद्यात आहे. तालुक्याला तक्रार घेणारा नोडल अधिकारी असावा आणि त्याने ती सात दिवसांत पुढे पाठवावी. गोव्यातल्या ऑरेलियानो फर्नांडिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये या अंमलबजावणीतल्या उणिवांवर बोट ठेवले आणि डिसेंबर 2024 मध्ये प्रत्येक जिल्ह्याला 31 जानेवारी 2025 पर्यंत समिती नेमायला सांगितले. कायदा झाल्यावर अकरा वर्षांनी हे सांगावे लागले. तालुक्याच्या ठिकाणी फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर बसणाऱ्या मुलीला, वर्तमानपत्रासाठी दिवाळी अंकाच्या जाहिराती गोळा करत फिरणाऱ्या बाईला, बियाणे कंपनीच्या प्रचार व्हॅनवर हंगामापुरत्या लागलेल्या मुलींना या समितीचे नाव कोण सांगते?

कारण जाहिरात व्यवसाय इथेही आहे, फक्त त्याला इथे कोणी ‘इंडस्ट्री’ म्हणत नाही. तालुक्याच्या बातमीदाराला वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिरातींचे लक्ष्य असते. ज्या पुढाऱ्याविरुद्ध बातमी द्यायची त्याच्याकडेच अर्ध्या पानाच्या शुभेच्छा मागायला जायचे, आणि बातमीदाराला तर कमिशनवर घर चालवायचे. त्याच्या ‘नाही’ला मुंबईतल्या प्रशिक्षणार्थ्याच्या ‘नाही’पेक्षा जास्त किंमत मोजावी लागते. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देण्याची सक्ती त्यांत आहे. इथल्या किती जणांच्या हाती ते पडते, हे येत्या दोन-तीन वर्षांत मला जवळून पाहायचे आहे.

चांगली कार्यसंस्कृती अशक्य नाही, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. अमूलच्या मुलीचे फलक 1966 पासून चालू आहेत. सिल्व्हेस्टर दाकुन्हा यांची कल्पना आणि युस्टेस फर्नांडिस यांचे चित्र. अमूलचे प्रमुख डॉ. वर्गिस कुरियन यांनी जाहिरात संस्थेला मोकळीक दिली की प्रत्येक फलक मंजुरीसाठी आणू नका. या एका निर्णयाने काय घडले ते पाहा: ग्राहकाच्या सात टेबलांवरून जाणारा कागद थांबला, त्यासाठी लागणाऱ्या रात्री वाचल्या, आणि सर्व जबाबदारी काम करणाऱ्यांवर आल्याने त्यांनी ती जपली. भरत दाभोळकरांनी त्या फलकांवर काम केले. नंतर राहुल दाकुन्हा, लेखक मनीष झवेरी आणि चित्रकार जयंत राणे या तिघांनी दशकानुदशके ते केले. जयंत राणे यांचे नाव मी मुद्दाम घेतो, कारण इथे चित्रकार बैठकीबाहेर नाही; तो तिघांपैकी एक आहे. कार्यसंस्कृतीचा अर्धा भाग ग्राहकाच्या हाती असतो. पण ज्यांनी अमूलच्या फलकांचे कौतुक केले त्या किती कंपन्यांनी आपल्या संस्थेला कुरियनांसारखी मोकळीक दिली?

अलीकडे वरच्या खुर्चीचे रूपही बदलते आहे. ओगिल्वी इंडियात पीयूष पांडेंनंतर कल्पनांची धुरा एकाकडे न देता कैनाझ करमाकर, हर्षद राजाध्यक्ष आणि सुकेश नायक अशी तिघांत वाटली गेली. तिघे असले की एकमेकांना थांबवणे नोकरीचाच भाग होतो, म्हणून मला ही रचना आशादायक वाटते. पण त्याच वेळी वरची जमीन हलते आहे. 1864 मध्ये सुरू झालेल्या जे. वॉल्टर थॉम्पसनचे नाव 2018 मध्ये वंडरमनशी जोडले गेले आणि 2024 पासून व्हीएमएल या नावाखाली संपले. नोव्हेंबर 2025 मध्ये ऑम्निकॉमने इंटरपब्लिक विकत घेण्याचा व्यवहार पूर्ण केला आणि लगेच एफसीबी, डीडीबी, मुलनलोव ही नावे बंद करण्याची व हजारो नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली. उल्का आणि लिंटास यांचे धागे यांतल्याच नावांशी जोडलेले होते. न्यूयॉर्कमधला निर्णय लोअर परळच्या माणसाला सकाळच्या मेलमध्ये कळतो. स्थानिक प्रमुख कितीही प्रेमळ असो, त्याच्याही हाती ‘नाही’ उरत नाही. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली. ज्युनियरचे काम, म्हणजे दहा पर्याय काढणे, मापे बदलणे, भाषांतर करणे, हे यंत्र करू लागले आणि ज्या पायरीवर बसून आम्ही शिकलो ती पायरीच काढली जात आहे. नवे पोर आता कुठे बसून शिकणार, याचे उत्तर मला अजून कुठल्या प्रमुखाकडून मिळालेले नाही.

आमच्या गावात एक मुलगी मोबाइलवर बॅनर बनवते. दहावा, वाढदिवस, नव्या दुकानाचे उद्घाटन, शिकवणीचे प्रवेश. छपाई मालेगावला होते. ग्राहक रात्री अकराला निरोप पाठवतात, “ताई, एवढं एक नाव वरती घ्या न, भाऊ नाराज होते.” गेल्या वर्षी तिने आपल्या व्हॉट्सॲपवर लिहून टाकले की रात्री नऊनंतर बदल होणार नाहीत आणि दुसऱ्या बदलापासून पन्नास रुपये लागतील. चार ग्राहक तुटले. त्यांतले दोन परत आले. एकाने येऊन बसून विचारले, “तुम्हीच सांगा, कोणाचं नाव कुठं ठेवू?” तिने सगळे फोटो एकाच मापाचे केले. तो फ्लेक्स थांब्याजवळ दहा-बारा दिवस होता. जाता-येता लोक थांबून पाहत होते, आणि ज्यांचे चेहरे लहान झाले होते त्यांनी तक्रार केल्याचे ती सांगते. तिने तो बदलला नाही.